कावेरीसाठी उपास

हेप्सी, इकडे ये, जवळ बस. म्हणजे बस तू तिकडे पुण्यातच, पण मनाने माझ्याजवळ बस आणि वाचताना तो मोबाईल बाजूला ठेव. फोनवर बोलताना तू भांडी घासतेस, मला नळाचा आवाज येतो. आईशी बोलायचं म्हणजे हात रिकामे नको वाटतात का तुला? मावशीच्या मातीला आलीस, जिन्यावर बसून पोटभर रडलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. मी पोळ्या केल्या होत्या. झाकून ठेवल्या त्या तशाच राहिल्या. मावशीसाठी आलीस आणि आईकडे दोन घास खाल्ले नाहीस, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते.

आणि आता फोन करून म्हणतेस, "मम्मी, तू सलोमीमावशीवर काहीतरी लिही ना, तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?" माझ्यावर लिहा असं अजून कुणी कुणाला म्हटलेलं नाही. असो. मी काही शाळा-कॉलेजात शिकलेली बाई नाही. तुझ्या पप्पांच्या पेपरातून आणि देवळातल्या गीतपुस्तकातून मी वाचायला शिकले. तेव्हा लिहिते ते माझ्या बोलण्यासारखंच होणार. चुका काढू नकोस.

तर सलोमी. सुरतेला, लिंबायतच्या आपल्या चाळीत ती आमच्या आधीपासून राहत होती. आम्ही जालन्याकडचे, ती नवापूरची. तिचा नवरा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खात्यात कामाला होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. ती घरी बसून साड्यांचं धागा-कटिंग करायची, म्हणजे भरतकामाच्या मागच्या बाजूला लोंबणारे दोरे कापायचे. त्यासाठी लहानशी कात्री तिने नाडीला बांधून गळ्यात अडकवलेली असे. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या बायांच्या गळ्यात क्रॉस असतो, हिच्या गळ्यात कात्री. रविवारी उपासनेलाही तीच. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "साहेब, देवले माहीत शे मी काय काम करस ते. त्याच्यापासून काय लपाडू?"

दिसायला ठेंगणी, गोल, आणि केसांचा पुढे फुगा. तिच्या तरुणपणी सिनेमातल्या नट्या केसांचा जसा फुगा काढायच्या तसाच तिने शेवटपर्यंत काढला. केस पांढरे झाले, विरळ झाले, फुग्यातून पलीकडची भिंत दिसायला लागली, तरी फुगा होताच. नाताळला त्यात प्लास्टिकचा गुलाब. माझे केस आजही तिच्यापेक्षा दाट आहेत. पण आपल्या गल्लीत कुणी मला कधी "आज काय दिसतेस गं" म्हटलं असेल तर आठवून सांग.

तिच्या खोलीत एका भिंतीवर येशूचं कॅलेंडर होतं आणि त्याच्या शेजारी, एकाच खिळ्याला, मासिकातून कापलेला एका नटाचा फोटो. मी म्हटलं, "सलोमी, देवाच्या शेजारी हे काय?" तर म्हणाली, "व माय, त्याचा संसार मोडला बिचाऱ्याचा. पेपरात आलं व्हतं. जवळ ठेवला म्हंजे देवाची नजर पडीन." त्या नटासाठी ती रोज प्रार्थना करायची. त्याचं पुढे दुसरं लग्न झालं. सलोमीने गल्लीत पेढे वाटले. तू दोन खाल्लेस.

रेडिओवरच्या फर्माइशीच्या कार्यक्रमाचं तिला भारी वेड. पोस्टकार्डं पाठवायची आणि मग ट्रांझिस्टर कानाला लावून, कात्री हातात धरून बसायची. एकदा खरंच नाव आलं. दुपार होती, मी ओट्याशी भात काढत होते, आणि भिंतीपलीकडून निवेदिकेचा आवाज आला: "लिंबायत, सुरत से सलोमी, हेप्सी और उनके सभी साथी." तू एवढीशी होतीस, नुकती शाळेत जायला लागलेली, अशी नाचलीस की चाळीचा जिना हलला. संध्याकाळी पप्पा आल्यावर त्यांच्या हातातला डबा घ्यायच्या आधी त्यांना सांगितलंस, "माझं आणि मावशीचं नाव रेडिओवर आलं." पप्पांनी विचारलं, "आणि मम्मीचं?" तू विचार केलास आणि म्हणालीस, "मम्मी सभी साथीमध्ये आहे."

ते मी विसरलेले नाही, हेप्सी. मुलगी माझी, नऊ महिने मी वागवलेली, आणि मी सभी साथी. मला एकच होतीस तू. त्या एकातली अर्धी तिने घेतली.

घेतली कशाने म्हणशील तर कळण्याच्या भाकरीने. ज्वारी आणि उडदाच्या पिठाची ती काळपट भाकरी, वर मिरचीचा ठेचा, तेलाची धार. मी रविवारी मटण करायची, कोशिंबीर, मऊसूत पोळ्या, घडी उलगडली की पदर सुटावेत अशा. आणि तू शाळेतून आलीस की दप्तर माझ्या दारात टाकून तिच्या दारात. मी हाक मारली की आतून तिचाच आवाज, "जेवी राहिनी ती, कृपा. मंग धाडस तिले घर." जणू माझीच पोर मला उसनी द्यायची.

आता तिच्या श्रद्धेचं सांगते, कारण लोक त्याच्यावरच जास्त बोलतात. सलोमीला शास्त्र पाठ नव्हतं. मला अध्यायच्या अध्याय पाठ. पण तिने गोष्ट सांगायला घेतली की माझ्या बायबल-वर्गातली पोरं उठून तिच्याकडे. तिच्यासाठी सगळं शास्त्र म्हणजे पिक्चर होतं. योसेफाची गोष्ट म्हणजे हरवलेल्या भावाचा पिक्चर, शेवटी भाऊ भेटतात आणि सगळे रडतात. शमशोनाची गोष्ट म्हणजे हिरो चांगला पण बाई वाईट भेटली. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना तो बापाचा पैसा उडवून डुकरांच्या गोठ्यात पोचला की ती थांबायची, कात्री खाली ठेवायची आणि म्हणायची, "इंटरवल." पोरं खरोखर उठून पाणी पिऊन यायची.

एकदा, धाकटा घरी परत येतो आणि बाप मेजवानी घालतो तिथे ही गोष्ट संपवून ती म्हणाली, "पण मोठ्या भावाचं पुढं काय झालं? घरात जेवण चालू शे, गाणं चालू शे, आणि तो रागावून बाहेर उभा. आत गेला की नही गेला, ते काही दाखाडलं नही." आणि सुपारी कातरावी तशी कात्री वाजवत माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शास्त्रात जेवढं लिहिलंय तेवढंच सांगावं." ती म्हणाली, "ते बी खरं शे."

त्या उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, तर सगळी गल्ली अजून बोलते. तेव्हा व्हीसीआर भाड्याने आणायची रीत होती. मी येशूच्या वधस्तंभावरच्या शेवटच्या सात वचनांची तयारी केली होती, पंधरा दिवस आधीपासून. दुपारी माझ्याकडे बाया जमायच्या होत्या. आणि सलोमीने परस्पर ठरवलं की तिच्याकडे येशूच्या जीवनावरचा पिक्चर लावायचा. कॅसेट दिली समोरच्या मरियम्माने. तुला सांगायला नको, तुझीच सासू. पण तेव्हा ती फक्त समोरची तेलुगू बाई होती, तिचा नवरा लूमवर, त्यांची मंडळी वेगळी, टाळ्या वाजवून गाणारी, आणि त्यांच्या घरातून सतत चिंचेच्या फोडणीचा वास.

पिक्चर सुरू झाला आणि येशू तेलुगूत बोलायला लागला. खोलीत पन्नास-साठ माणसं, मरियम्माचं घर सोडलं तर कुणाला एक अक्षर कळेना. दुसरी कुणी असती तर बंद केला असता. सलोमी उठली, टीव्हीच्या शेजारी उभी राहिली आणि सगळ्यांची बोलणी स्वतः करायला लागली. पिलात आमच्या शेठसारखा गुजराती बोलला, "मारे शुं? हुं तो हाथ धोई नाखुं." शिपाई हिंदी बोलले, पोलीस हप्ता मागतात तसं. पेत्र बिचारा नवापूरचा निघाला, नाही म्हणताना चाचरला. आणि येशू अहिराणी. वधस्तंभावरून खाली आईकडे आणि तिच्या शेजारच्या शिष्याकडे बघून तिचा येशू म्हणाला, "माय, रडू नको. आते हाऊ तुना पोऱ्या. त्याना घर जाय, जेवण कर."

शास्त्रात जेवणाचं काही नाही. पण खोलीत कुणाच्याही डोळ्याला पाणी यायचं राहिलं नाही. मरियम्मा तर सलोमीची भाषा न कळता हमसून हमसून रडली. पाळकसाहेब माझ्याकडे सात वचनांसाठी आले होते. रिकाम्या सतरंजीवर मी एकटी बसलेली. ते म्हणाले, "चला कृपाबाई, आवाज कुठून येतोय बघू." आणि तेही तिकडेच बसले. तू सगळ्यात पुढे होतीस आणि तुझ्या शेजारी मरियम्माचा सॅमी, चड्डीतला. दोघं एकाच वाटीतले फुटाणे खात होता. मला तेव्हाच काही कळायला हवं होतं. पण माझं लक्ष सलोमीवर होतं.

पुढे कितीतरी वर्षं तू येशू अहिराणीच बोलत असणार असं धरून चालली होतीस. माझ्याकडे प्रार्थना करताना "हे दयाघन पित्या" म्हणायचीस आणि तिच्याकडे गेलीस की "देख ना देवा." मी भिंतीला कान लावून ऐकलंय.

प्रार्थनेच्या बाबतीत मात्र मी तिला कधी हार गेले नाही. दर गुरुवारी दुपारी महिला मंडळाची सभा व्हायची, आपल्याच घरी. आधी विनंत्या घ्यायच्या, म्हणजे कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, कुणाचं भांडण, ते एकेकीने सांगायचं. मग त्यावर प्रार्थना. मोठी प्रार्थना माझी असायची. सगळ्या म्हणायच्या, कृपाबाईंसारखी प्रार्थना सुरतेत कुणाची नाही. शब्दाला शब्द जोडलेला, सृष्टीच्या आरंभापासून निघून सगळ्यांना घेऊन परत यायचं. आणि बरोबर मध्यावर सलोमीचं घोरणं सुरू व्हायचं. हातात कात्री, मान छातीवर. मी मुद्दाम आवाज चढवायची. आमेन झाला की डोळे उघडून म्हणायची, "काय व्हाती राहिनी व माय तू. तापी नदीसारखी. माले डुलकी लागस."

तिची स्वतःची प्रार्थना दोन ओळींची. "देवा, शकूच्या नवऱ्याची दारू सोडाव. तुले माहीत शे तो कुठं बसतो ते." संपलं. आणि बाया सभा सुटल्यावर जिन्यात गाठून तिलाच सांगायच्या, "सलोमीताई, माझ्यासाठी पण कर हां." मला कुणी जिन्यात गाठलं नाही.

तर त्या कावेरीचं झालं ते असं. एका गुरुवारी सलोमीने विनंती मांडली. कावेरी नावाची एक पोरगी. लग्न होऊन वर्ष झालेलं, पोटात बाळ, आणि नवऱ्याला अपघातात डोक्याला मार लागून तो हिला ओळखेनासा झालाय. सासूने घराबाहेर काढलं. सांगता सांगता सलोमीने कात्री खाली ठेवली. बायांनी पदर डोळ्याला लावले. मी मंडळाची अध्यक्ष, मी म्हटलं, नुसती प्रार्थना नको, उपास धरू. पुढचे कितीतरी गुरुवार आम्ही सकाळपासून पाणी पिऊन राहिलो. दर आठवड्याला सलोमी पुढची खबर आणायची. नवरा हसला पण नाव आठवलं नाही. सासूने दागिने काढून घेतले. आम्ही आणखी कळवळून प्रार्थना करायचो.

शेवटी मी म्हटलं, "सलोमी, ही कावेरी राहते कुठे? मी डबा घेऊन जाते. गर्भार बाईला उपाशी ठेवायचं आणि आपण इथे आमेन म्हणायचं, हे बरं नाही."

ती जरा गडबडली. "घर मोठं शे, कृपा. बंगला शे."

"मग काय झालं? पत्ता दे."

"चार वाजता ये, दाखाडस," ती म्हणाली.

मी डबा भरला. डाळ, भात, भाजी, पुढे बाळंतपणात लागेल असा मेथीचा लाडूसुद्धा. चार वाजता तिच्या दारात उभी राहिले. तिने टीव्ही लावला. मालिकेचं गाणं सुरू झालं आणि कावेरी पडद्यावर आली, गळ्यात मोत्यांचा हार, केस सुटलेले, रडत.

मी डब्यासकट खाली बसले. म्हटलं, "सलोमी, अख्ख्या मंडळाला तू या बाईसाठी उपाशी ठेवलंस?"

ती अजिबात ओशाळली नाही. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "आसू तर खरा व्हतात ना आपला? अशी एखादी कावेरी कुठंतरी असेलच. पत्ता आपल्याले माहीत नही, पण देवले माहीत शे. तो बरोबर पोचाडीन." मग डब्याकडे पाहून म्हणाली, "मेथीचा लाडू कोणी केला? तू? आण इकडे."

लाडू तिने खाल्ला. वर म्हणाली, "गूळ कमी शे."

मी मंडळात सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी बाया तिला बोलतील. बाया हसता हसता लोळल्या. आणि त्या दिवसापासून तिने विनंती मांडली की कुणीतरी विचारायचंच, "सलोमीताई, कोणत्या चॅनलवर?" तीही हसायची. मंडळाची अध्यक्ष मी होते, पण मंडळाची मजा तिच्यामुळे होती, हे मला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं.

आता पुढचं तुला माहीत आहे. पण माझ्याकडून ते तू कधी ऐकलेलं नाहीस, म्हणून लिहिते.

तू तेव्हा नोकरीला लागली होतीस, रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये, एका गाळ्यात हिशेबाच्या कामाला. मी मनात जालन्याच्या पाळकाच्या भाच्याचं स्थळ पक्कं केलं होतं. तुला बोलले होते, तू "बघू" म्हणाली होतीस. तुझं "बघू" म्हणजे नाही, हे आता कळतं.

त्या गुरुवारी सभा भरली होती. तू सुट्टी घेऊन घरी होतीस, आत चहा ठेवत होतीस. मरियम्माही आली होती, ती कधी कधी यायची, डोक्यावर पदर घेऊन मागे बसायची. विनंत्या झाल्या. शेवटी सलोमी म्हणाली, "एक पोरगी शे. शिकेल, गुणी. तिले एक पोऱ्या आवडस. पोऱ्या चांगला शे, कामाला शे, दारू नही, तंबाखू नही. पण पोरगीची आईसमोर बोलायची हिंमत नही. आई मनानी चांगली शे. नुसती तोंडानी कडक."

"कोणत्या चॅनलवर, सलोमीताई?" कुणीतरी विचारलं. सगळ्या हसल्या.

"चॅनल नवा शे," ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण मी कशाला तिकडे बघू?

मला वाटलं, आज हिला दाखवावंच. ही पडद्यावरच्या पोरीसाठी दोन ओळींत मागणार. मी अशी मागेन की बायांना कळेल प्रार्थना कशाला म्हणतात. मी गुडघे टेकले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आदामाच्या बरगडीपासून निघाले. रिबेका आणि इसहाक घेतले. रूथ घेतली, परक्या जातीची असून घरात घेतलेली. आणि मग त्या आईवर आले. काय काय बोलले मी. "हे प्रभो, त्या कठोर मातेचे पाषाणहृदय वितळव. तिच्या अहंकाराच्या भिंती यरीहोच्या भिंतींप्रमाणे पाड. आपल्या लेकराचे सुख ज्या डोळ्यांना दिसत नाही ते तिचे डोळे उघड. तिने होय म्हणेपर्यंत तिच्या डोळ्याला झोप लागू देऊ नकोस." बाया मधेमधे "होय प्रभू, होय प्रभू" म्हणत होत्या. मला आणखी चेव येत होता.

एक मात्र माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी घोरणं ऐकू आलं नाही.

मी आमेन म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. आणि स्वयंपाकघरातून एक आमेन आला, जरा उशिरा, रडका. तो तुझा होता.

डोळे उघडले तर मरियम्मा पदरात तोंड घालून बसलेली. सलोमी टक्क जागी. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "असं कोणाले मागता येत नही, कृपा. म्हनून तुनाकडून मागी घेतलं." मग आत हाक मारली, "हेप्सी, चहा राहू दे. बाहेर ये."

तू बाहेर आलीस आणि मी ओळखलं. मरियम्माकडे पाहिलं आणि सगळंच ओळखलं. चाळीस बाया माझ्याकडे बघत होत्या. आत्ताच गुडघ्यावर बसून मी ज्या बाईचं हृदय वितळायला सांगितलं होतं, ती नाही कशी म्हणणार? कुणीतरी मागून म्हणालं, "मालिका संपली वाटतं." कुणी हसलं नाही.

मी म्हटलं, "चहा आण. गार होतोय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मीच मागितलं होतं.

पण खरं सांगू, सॅमीमुळे नाही लागली. पोरगा बरा होता, मलाही दिसत होता. झोप उडाली ती वेगळ्या गोष्टीने. संध्याकाळी मी तुला विचारलं होतं, "तिला कधीपासून माहीत होतं?" तू म्हणालीस, "दिवाळीपासून." म्हणजे नाताळला ती माझ्याकडे करंज्या भरायला बसली होती तेव्हा तिला माहीत होतं. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात माझ्या हाताला धरून चालत होती तेव्हा माहीत होतं. आणि मी आई. "मला का नाही सांगितलंस आधी?" म्हटलं. तू काय उत्तर दिलंस आठवतं? "मम्मी, तुला सांगितलं असतं तर तू लगेच प्रार्थनेला बसली असतीस. मावशीने आधी विचारलं, तो हसतो कसा. आणि इंटरवलनंतरही असाच राहील का."

  मला ते विचारायचं सुचलं नसतं, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच ते लागतं.

लग्नात ती नवरीच्या आईपेक्षा जास्त मिरवली. फुगा, गुलाब, आणि तेलुगू वऱ्हाडाशी कसली तरी भाषा बोलत होती, जी तेलुगू नव्हती आणि अहिराणीही नव्हती, पण वऱ्हाड हसत होतं. निघताना तू आधी तिच्या गळ्यात पडलीस, मग माझ्या. मी लक्ष ठेवून नव्हते. पण दिसलं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाही निक्षून सांगेन. तुझं लग्न जमलं ते माझ्या प्रार्थनेने. तिने नुसती विनंती मांडली. मागितलं मी. हे मी तिलाही म्हणायची. ती म्हणायची, "हा ना व माय. तुनीच ऐकली देवानी." आणि हसायची. त्या हसण्याने पुन्हा सगळं श्रेय तिच्याकडे जायचं.

गेल्या हिवाळ्यात तिला दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरीच ठेवा. मी रोज पेज घेऊन जायची. त्या दिवशी गेले तर खोलीत शकू बसली होती, मरियम्मा होती, आणखी दोघी-तिघी. कुणी पाय चेपत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं. मी दारात वाटी घेऊन थांबले. मला वाटलं, हिच्याभोवती इतकी माणसं, मी कशाला आणखी? माझ्या वेळी कोण असेल, हेही मनात आलं. आलं ते आलं.

पलंगावरून तिने मान वळवली. "कवाडमा काय उभी? आत ये."

मी आत गेले. तिने बाकीच्यांना हाताने खूण केली, बाया चहाला बाहेर गेल्या. गळ्यातली कात्री कुणीतरी काढून उशाशी ठेवली होती. केसांचा फुगा नव्हता. पहिल्यांदाच मी तिला फुग्याशिवाय पाहिलं, एवढंसं डोकं होतं तिचं. मी कंगवा घेतला आणि जमेल तसा फुगा काढून दिला. तिने हाताने चाचपून पाहिला. म्हणाली, "डावीकडे बसला." मी परत काढला.

मग म्हणाली, "कृपा, प्रार्थना कर."

मी म्हटलं, "थोडक्यात करते. तू थकलीयस."

"नको," ती म्हणाली. "तुनी लांब रास ना, तशीच कर. आज माले लांबच पाहिजे."

मी तिच्या पलंगाशी बसले आणि सुरू केलं. सृष्टीच्या आरंभापासून निघाले. काही गाळलं नाही. उजेड, अंधार, पाणी, झाडं, पाखरं, सगळ्यांना घेतलं. नवापूरला घेतलं, तिच्या नवऱ्याला घेतलं, लूमच्या खात्याला, त्या नटाला, त्याच्या दुसऱ्या संसाराला. कावेरीलाही घेतलं. मध्यावर आले आणि घोरणं सुरू झालं. तेच, नेहमीचं. आयुष्यभर त्या आवाजाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या दिवशी मी आवाज चढवला नाही. हळू केला, आणि प्रार्थना थांबवली नाही. मला वाटत होतं, मी आमेन म्हटलं तर ती जागी होईल.

चार वाजले. शेजारच्या खोलीतून कुठल्यातरी मालिकेचं गाणं ऐकू आलं. तिचे डोळे मिटलेलेच होते. पण चादरीच्या टोकाला पायाचा अंगठा बाहेर आला होता, तो गाण्याच्या ठेक्यावर हलत होता. मी बोलत राहिले, आणि तो हलत राहिला. तेवढीच सलोमी मला शेवटची दिसली. पुढे मातीच्या दिवशी, तू जिन्यावर रडत होतीस तेव्हा, खोलीत ठेवली होती ती मी धरत नाही.

आता तिच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलंय, ओडिशाकडची माणसं, लूमवर कामाला. चांगली आहेत, पण दार लावून घेतात. म्हणजे आता तू स्टेशनवरून रिक्षाने आलीस की समोरचं सासूचं सोडलं तर तुला जायला दुसरं दार नाही. सरळ माझ्याकडेच येशील. इतकी वर्षं मला हेच हवं होतं.

तर ये. सॅमीला सुट्टी नसेल तर एकटी ये. मे महिन्याची वाट बघू नकोस, लवकर ये. मी कळण्याचं पीठ दळून आणलंय आणि मरियम्माकडून ठेच्यासाठी तिखट मिरच्या. दोनदा करून पाहिली भाकरी, थापताना चिरते. गरम गरम वाढीन. तिच्यासारखी झाली नाही तर तेवढं तोंडावर म्हणू नकोस, गपचूप खा.